धाव

औशाच्या पलीकडं माळाच्या पोटात खोदलेलं तळघर.
वर एप्रिल, बेचाळीस अंश.
खाली सोळा, आणि ओल्या गोणपाटांचा वास.
चाळीस पिंपं आडवी निजलेली
आणि त्यांची वही माझ्याकडं.
घरी सांगितलंय, ज्यूसची कंपनी आहे.
खोटं नाही,
फक्त थोडं आधीचं आहे.

सतरा नंबर पाझरायला लागलं.
गळणं नव्हे, घाम म्हणावा इतकंच,
दोन फळ्यांच्या मधून.
पुण्याचा माणूस दहा दिवसांनी येणार होता,
म्हणून शिपायानं लामजन्याहून
नागोराव पांचाळांना गाडीवर बसवून आणलं.

चप्पल बाहेर काढून ते खाली उतरले.
कुणी सांगितलं नव्हतं.
बोटाच्या पेरानं पिंपावर वाजवत गेले, वरून खाली,
आवाज जिथं जड झाला तिथं खडूची रेघ.
माझ्या काचेच्या नळीनं मागाहून मोजलं.
रेघ बरोबर होती.

"बाभूळ न्हाई, साग न्हाई. कुठलं म्हणायचं हे?"
फ्रान्सचं, मी म्हटलं. ओक.
"लई लांबून आलंय. तहानलेलं असंल."

होतं.
आलं त्या साली चाळीस पिंपं दोन दिवस पाण्यानं भरून ठेवावी लागली,
लाकूड फुगावं, फटी मिटाव्यात म्हणून.
एक अख्खा टँकर.
फाटकापाशी घागरी घेऊन उभ्या बाया
पाईप कुठं जातोय ते बघत होत्या.
मी वहीत लिहिलं : लाकूड भिजवणे, नऊ हजार लिटर.
तिसऱ्या दिवशी तेच पाणी त्यांना दिलं.
आठवडाभर म्हणे
वाडीच्या वरणाला भाजक्या लाकडाचा वास होता.
पोरांनी वाटी चाटून पुसली.

नागोरावांनी सतरा रिकामं करून घेतलं,
कड्या ढिल्या केल्या, आत डोकं घातलं.
काळं, जाळलेलं पोट.
बराच वेळ बाहेर आले नाहीत.
"हुरड्याच्या आगटीगत येतंय," एवढंच बोलले.
मग पिशवीतून पाणकणसाची पात काढली,
तेरणेच्या डबक्यात उरलेली, दोन वीत,
फटीत बसवली, जशी आई मुलीच्या वेणीत
रिबन घालते, तोंडात एक टोक धरून.

कडी ठोकताना थांबले.
"चाकाला धाव असती, ते धावतंय म्हणून.
हे तर हितंच पडून ऱ्हाणार.
ह्याला धाव कामून?"

मला कंपनीनं शिकवलेलं उत्तर येत होतं,
दाब, फळ्यांचा ताण, बाक.
ते मी दिलं नाही.

जेवताना मी त्यांना तुटीचं सांगितलं :
दर महिन्याला पिंपामागं लिटर-दीड लिटर कमी भरतं,
कुणी पीत नाही, कुठं सांडत नाही,
हवा लाकडातून ओढून नेते,
आणि उत्पादन शुल्काचा साहेब
दर वेळी माझ्याकडं बघतो.

ते भाकरी मोडत हसले.
"आमच्या आज्याला खळ्यावर पयली रास पडायच्या आत सूप भरून मिळायचं.
नांगर नीट केला म्हणून. ते बलुतं.
वारं बी काहीतरी काम करत असंल की तुमचं.
फुकट न्हाई न्हेत."

मजुरी साडेसहाशे.
आणि फुटकं नऊ नंबरचं अर्धं पिंप मागून नेलं, म्हशीला पाण्यासाठी.
म्हैस पहिले दोन दिवस नुसती हुंगत राहिली, असं शिपाई सांगतो.
तिसऱ्या दिवसापासून दुसरीकडचं पीत नाही.

परवा साहेब आला.
तुटीच्या रकान्यात मी लिहिलं होतं : बलुतं.
त्यानं ते खोडून "बाष्पीभवन" केलं, सही केली, गेला.

रात्री दिवे मालवताना सतराला कान लावते.
काही ऐकू येत नाही.
लोखंड गार, लाकूड जरासं ओलं, माझंच रक्त कानात.
तरी हात काढून घेत नाही लगेच,
बैलगाडीच्या थांबलेल्या चाकावर
लहानपणी ठेवायचे तसा,
नुकतंच दूरवरून आलंय
की आता निघणार आहे, ते न कळून.